कोर्टाचं पुढचं दार

४ ऑक्टोबर

प्रिय आत्या,

पोचले, खोली मिळाली, आणि माझं विंचवाचं बिऱ्हाड पुन्हा एकदा पाठीवरून उतरलं. या वेळचं काम कळलं की तू खुर्चीतून उठशील, म्हणून निघण्याआधी सांगितलं नाही. तुमच्या गावातली जुनी कोर्टाची इमारत जतन करायची आहे. बाबाच्या जन्माआधी तुम्ही जिथे राहायचात, तेच हे गाव.

टेकाडावरची ती दगडी इमारत तुला आठवत असणारच. कोर्ट नव्या जागी गेल्यापासून इथे मतपेट्या, मोडक्या खुर्च्या आणि कबुतरं नांदतात. कुणी शहाण्याने चुन्याच्या भिंतींना तैलरंग फासलाय. त्यामुळे भिंतीतली ओल बाहेर पडत नाही आणि गिलावा आतून भुसभुशीत झालाय. आधी तो रंग खरवडायचा, मग छपराची गळती, मग दारं-खिडक्या. उन्हाळ्याआधी इथे जिल्ह्याचं संग्रहालय उघडायचं आहे.

दालनात शिरताना डाव्या हाताला एक संगमरवरी पाटी आहे. काल मी ती स्वतः पुसली. महापुराच्या वेळी इथल्या न्यायाधीशांनी 'निराधार जनतेसाठी न्यायमंदिराचे दरवाजे खुले केले' असं तिच्यावर कोरलंय. वाचून अंगावर काटा आला. त्या पुरात तुम्ही इथेच होतात ना? आजी-आजोबांना इथेच आसरा मिळाला का? बाबाला विचारलं तर तो म्हणतो, "आमच्या घरात पुराचं कुणी बोलायचं नाही."

संग्रहालयासाठी मला जुन्या लोकांच्या आठवणी हव्यात. सुरुवात घरापासून करते. जे आठवेल ते लिही. पुढचं मोठं दार फार खराब झालंय, ते बदलून नवं सागवानी बसवायचं ठरतंय. गुडघे कसे आहेत?

तुझी,
खारूताई


१५ ऑक्टोबर

प्रिय खारूताईस,

गुडघे आहेत तिथेच आहेत, फक्त आता ते मला नेतात, मी त्यांना नेत नाही. आमच्या मजल्यावरचा नळ पुन्हा बंद पडलाय आणि शेजारच्या मास्तरांनी त्यावर अर्ज लिहायला घेतलाय. म्हणजे नळ आता वर्षभर येत नाही.

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात, तू तर परांची बांधून छपरावर चढलीस. जपून. दोरीवर भरवसा ठेवू नकोस, दोरी बांधणाऱ्याला ओळखून ठेव.

आठवणींचं म्हणशील तर मी तेव्हा लहान होते, दहाचीही नसेन. पाणी आलं, गेलं, आम्ही गाव सोडलं. छापखाना वाहून गेला होता. तुझे आजोबा तिथे खिळे जुळवायचे, मग तिथे राहून करणार काय? कोर्टाच्या आत मी कधी गेले नाही. तुला काही कामाचं माझ्यापाशी नाही.

पुढचं दार बदलायची घाई कशाला करता? आत उघडणारं दार आहे, जड आहे, दोघांनी ढकलावं लागतं. पण जुनं लाकूड आहे. चालतंय तोवर चालू द्यावं.

जेवणाची आबाळ करू नकोस.

आत्या


२ नोव्हेंबर

प्रिय आत्या,

चोर सापडला. कोर्टाच्या आत कधी गेले नाही म्हणतेस, आणि दार कुणीकडे उघडतं, किती जण लागतात, हे मात्र पाठ. मी बाबाला म्हटलंसुद्धा, आजोबांची काहीतरी जुनी तारीख-पेशी असणार इथे, आणि आत्याला ते सांगायची लाज वाटते. अगं, एवढ्या वर्षांनी कोण विचारतंय? कोर्टात जाणं म्हणजे काही डाग नाही.

पण तुझ्या सांगण्यावरून दार बदलायची घाई केली नाही, ते बरं झालं. आधी रंग काढून पाहिला. बाहेरच्या बाजूला छातीच्या उंचीवर लाकूड चेचलंय, एकाच जागी पुन्हा पुन्हा काहीतरी जड आपटावं तसं. त्याच्याखाली हलक्या लाकडाचं ठिगळ आहे. आतून अडसर अडकवायचा जो लोखंडी आकडा असतो, तो एका बाजूला जुना आहे आणि दुसऱ्या बाजूला नंतर बसवलेला. माझा अंदाज असा, की नव्या इमारतीत सामान हलवताना कपाटं दारावर आदळली असतील. सुतार म्हणतो ती ठिगळाची फळी काढून टाकू. संग्रहालय समितीतले अभियंतासाहेबही तेच म्हणतात, उद्घाटनाला ठिगळ लावलेलं दार बरं दिसत नाही.

दाराशेजारी लावायच्या फलकाचा मजकूर मी लिहिलाय. ऐक: 'महापुराच्या काळरात्री न्यायाधीशांनी नियमांची पर्वा न करता या वास्तूची दारं लोकांसाठी उघडली. दगडी इमारतीलाही हृदय असतं, याची ही साक्ष.' कसा वाटला? समितीत सगळ्यांना आवडला. त्या न्यायाधीशांची मुलगी आमच्या समितीवर आहे. ऐंशीच्या पुढे वय, काठी टेकत येतात, फार कमी बोलतात. मजकूर वाचला तेव्हा त्या खिडकीबाहेर बघत होत्या. वडिलांच्या आठवणीने भरून आलं असेल.

उद्घाटनाला तू ये. पुरातून वाचलेली म्हणून तुला त्यांच्या शेजारी बसवायचा माझा विचार आहे. नाही म्हणू नकोस.

तुझी,
खारूताई


९ नोव्हेंबर

खारे,

तुझं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा बाजूला ठेवलं. आज लिहायला बसलेय ते न थांबता लिहिणार आहे. अक्षराकडे बघू नकोस.

कपाटं नव्हती. बाक होता. पक्षकारांना बसायला व्हरांड्यात जड बाक असायचे, त्यातला एक. पुढच्या टोकाला तुझे आजोबा होते.

आम्ही नदीकाठच्या गल्लीत राहायचो. पाणी चढायला लागलं तसे सगळे टेकाडावर पळाले, कारण उंच तेवढीच एक जागा होती. कोर्टाला सुट्टी होती. पुढचं दार आतून अडसर घालून बंद, मागच्या दाराला कुलूप, खिडक्यांना गज. व्हरांड्यात मावतील तेवढे मावले, बाकीचे पायऱ्यांवर. आम्ही पायऱ्यांवर होतो. पाऊस आडवा येत होता. कोर्टाचा रखवालदार म्हणाला, साहेबांच्या हुकुमाशिवाय किल्ली देता येणार नाही. माणसं साहेबांच्या बंगल्यावर गेली. बंगला समोरच होता, तूही बघत असशील. साहेबांनी सांगितलं, आत सरकारी कागद आहेत, खटल्यांचा मुद्देमाल आहे, वरून परवानगी आल्याशिवाय मला उघडता येणार नाही. तारा तुटल्या होत्या. परवानगी येणार कुठून?

एक अख्खा दिवस आणि एक रात्र आम्ही त्या बंद दारासमोर काढली. तुझी आजी आम्हा दोघींना पदराखाली घेऊन बसली होती.

दोघींना. मला बहीण होती, खारे. तिला आम्ही टिल्ली म्हणायचो. माझ्यापेक्षा पाच-सहा वर्षांनी धाकटी. सकाळी तिचं अंग भाजत होतं आणि ओठ निळे पडले होते. वडिलांनी तिच्या कपाळाला हात लावला, उठले, आणि बाकाला हात घातला. मग बाकीचे पुरुष उठले. दार तुटायला वेळ लागला. तो आवाज मी अजून ऐकते.

आत कोरडं होतं. साक्षीदाराच्या पिंजऱ्याजवळ आईने तिला निजवलं. तिसऱ्या दिवशी ती गेली. पुढे मी दवाखान्याच्या नोकरीत जन्म काढला, अशी लेकरं शेकड्यांनी पाहिली. आता कळतं की न्यूमोनिया होता, आणि त्या एका रात्रीने केला होता.

दार तुटल्यावर साहेब छत्री घेऊन आले. पायऱ्यांशी उभे राहून हवालदाराला काहीतरी लिहून घ्यायला सांगितलं. माझे वडील भिंतीला टेकून उभे होते, आता मला नेतील म्हणून. नेलं नाही. कोण जाणे का. आणि पुढे कळलं, की त्याच माणसाच्या नावाने पाटी लागली, त्याने दारं उघडली म्हणून. वडिलांनी ते ऐकलं त्या दिवशी ते जेवले नाहीत. त्यानंतर घरात पुराचं नाव निघालं नाही, आणि टिल्लीचंही नाही. तुझा बाबा नंतर जन्मला. त्याला सांगायचं नाही, असं आईने माझ्याकडून वचन घेतलं होतं. आई गेली, वडील गेले, वचन राहिलं. ते आज मोडलं.

इमारतीला हृदय असतं की नाही ते तू शिकलेली आहेस, तुला ठाऊक. दार मात्र बंद होतं.

मी उद्घाटनाला येणार नाही.

आत्या


१८ डिसेंबर

प्रिय आत्या,

इतके दिवस उत्तर दिलं नाही, म्हणून रागावली असशील. तुझं पत्र वाचल्यावर मी दालनात जाऊन साक्षीदाराच्या पिंजऱ्याजवळ बसले. कामगारांना वाटलं माझी तब्येत बिघडली. नुसतं 'वाईट वाटलं' असं तुला लिहायचं नव्हतं. काहीतरी करून मग लिहायचं होतं.

बाबाला मी सांगितलं. तू सांगायला हवं होतंस असं वाटलं, पण तुझ्याने होणार नाही हेही कळत होतं. तो एवढंच म्हणाला, "म्हणून आई मला पावसात कधी बाहेर सोडायची नाही."

समितीपुढे मी माझा फलक मागे घेतला आणि जे घडलं ते सांगितलं. तुझं नाव घेतलं नाही. अभियंतासाहेब बिथरले. म्हणाले, सरकारी इमारतीवर सरकारी खर्चाने, सरकारचं दार लोकांनी फोडलं असं लिहायचं? उद्या पुरावा मागतील. मी दाराकडे बोट दाखवलं. बाहेरून चेचलेलं लाकूड, आतून उपटलेला आकडा. कपाट हलवताना आकडा आतून उपटत नाही. हे मला आधीच कळायला हवं होतं, पण मी पाटी आधी वाचली होती आणि दार नंतर पाहिलं. ते म्हणाले, पुढच्या बैठकीत बघू. आपल्याकडे 'बघू' म्हणजे काय, ते तुला माहीत आहे.

साहेबांच्या मुलीने बैठकीत तोंड उघडलं नाही. पण चार दिवसांनी त्यांनी मला घरी बोलावलं. त्याच बंगल्यात राहतात; सरकारने तो विकायला काढला तेव्हा त्यांनी घेतला. मी भांडायच्या तयारीने गेले होते. त्यांनी मला खिडकीशी नेलं. तिथून कोर्टाच्या पायऱ्या स्पष्ट दिसतात.

म्हणाल्या, त्या रात्री वडील याच खिडकीशी बसले होते. बाईंची आई सारखी सांगत होती, उघडा ते दार, लेकरं आहेत. ते म्हणत होते, "ती माझी जागा नाही, सरकारची आहे." त्यांना पुन्हा तारघराकडे माणूस पाठवायचा होता, पण रस्ता उरला नव्हता. मुलगी तेव्हा चौदा वर्षांची होती. ती जेवली आणि झोपली. हे त्यांनी मला दोनदा सांगितलं, की आम्ही जेवलो आणि झोपलो.

सकाळी दारावरचे घाव ऐकू आले तेव्हा वडील छत्री घेऊन निघाले आणि ही मुलगी मागोमाग गेली. हवालदाराने वही काढून विचारलं, कुणाकुणाची नावं लिहू? सरकारी इमारत फोडणं म्हणजे तेव्हा साधी गोष्ट नव्हती, वर्षानुवर्षं तुरुंग होता. साहेबांनी भिंतीशी उभ्या असलेल्या माणसांकडे पाहिलं. मग म्हणाले, "लिही, किल्ली सापडत नव्हती. दार मी तोडायला लावलं."

आत्या, वहीत तेच गेलं, वर तेच कळवलं गेलं, आणि पाटी त्यावरूनच आली. ती त्यांनी लावली नव्हती. खात्याने लावली, ते बदलून गेल्यावर. मुलगी म्हणते, ते परत कधी या गावात आले नाहीत, आणि पाटीचं कुणी अभिनंदन केलं तर उठून आत जायचे.

मी त्यांना विचारलं, मग एवढी वर्षं तुम्ही गप्प का? त्या म्हणाल्या, "खरं सांगितलं असतं तर ज्यांना वाचवलं तेच अडकले असते. आणि ते सगळे गेल्यावर मला कुणी विचारलं नाही."

हे तुला कळवावं की नाही, यावर मी बरेच दिवस घालवले. पण तू शेवटी माझ्यापासून काही लपवलं नाहीस, आता मी कशी लपवू? पाटी काढावी का? तू म्हणशील तसं मी समितीपुढे मांडेन.

तुझी,
खारूताई


२१ जानेवारी

प्रिय खारूताईस,

बरेच दिवस लावले. तू मला चांगलंच कोड्यात टाकलंस. आयुष्यभर एका माणसाला शिव्या दिल्या, मनातल्या मनात, पण अगदी नेमाने. आता या वयात तू सांगतेस की माझे वडील तुरुंगात गेले नाहीत ते त्याच्यामुळे. ते तुरुंगात गेले असते तर आम्ही देशोधडीला लागलो असतो, आणि तुझा बाबा बहुतेक जन्मलाच नसता. म्हणजे तूही नाहीस.

मग मी काय करू? हात जोडू?

माझ्याने होत नाही. तो माणूस सकाळी चांगला झाला. आदल्या संध्याकाळी झाला असता तर टिल्ली जगली असती. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि एकीने दुसरी पुसली जात नाही. मी करून पाहिलं. सकाळी एकीकडे पारडं जातं, दुपारी दुसरीकडे.

तुझ्या बाबाचा फोन आला होता. टिल्लीबद्दल विचारायला म्हणून केला आणि हवापाण्याचं बोलून ठेवला. त्याला जमलं नाही, मलाही नाही.

पाटी काढू नकोस. ती खोटी आहे, पण त्या खोट्याने माणसं वाचली आहेत. ते ठिगळही काढू नकोस. दोन्ही राहू देत, आणि खाली काय झालं ते साध्या शब्दांत लिही. हृदयबिदय नको. न्यायाधीशांनी दार उघडलं नाही, लोकांनी तोडलं, आणि न्यायाधीशांनी ते आपल्या अंगावर घेतलं, एवढं पुरे. दाराबाहेर थांबावं लागल्यामुळे माणसं दगावली, त्यांत लहान मुलं होती, हेही लिही. नाव घालू नकोस. आम्ही काही एकटेच नव्हतो.

उद्घाटनाच्या हारतुऱ्यांना मी येत नाही. त्याआधी एकदा येऊन जाईन. त्या बाईंना सांग, मला त्यांच्याकडून माफी नको आहे. मागितली तर मी काय बोलेन याचा भरवसा नाही.

आत्या


३० जानेवारी

प्रिय आत्या,

समितीत मंजूर झालं. अभियंतासाहेब अजून कुरकुरत होते, तेव्हा बाई काठी टेकून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "माझ्या वडिलांबद्दल लिहायचं आहे, मला चालतंय, तुम्हाला का चालत नाही?" दार तेच राहणार. सुताराला सांगून मोडका आकडाही त्याच जागी ठेवलाय.

त्यांना तुझ्याबद्दल आणि टिल्लीबद्दल सांगितलं, आणि तुझा निरोप जसाच्या तसा दिला. त्यांनी मान हलवली आणि तू कुठल्या गाडीने येणार ते विचारलं.

स्टेशनवर मी येते. पिशव्या उचलायचा हट्ट करायचा नाही.

तुझी,
खारूताई


१७ फेब्रुवारी

प्रिय खारूताईस,

सुखरूप पोचले. स्टेशनवर तू विचारलंस, तुम्ही दोघी एवढा वेळ काय बोलत होतात, आणि मी म्हटलं, काही नाही, इकडचं तिकडचं. गाडीत बसल्यावर वाटलं, हीच खोड घराण्याची. म्हणून लिहिते.

तू आम्हाला दालनात बसवून परांचीकडे निघून गेलीस, तेव्हा मला तुझा राग आला होता. आम्ही दोघी एका बाकावर, दोन टोकांना. भिंती छान झाल्यात, चुन्याचा वास येत होता. मी पिंजऱ्याकडे बघत नव्हते आणि त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. मला वाटत होतं, आता ही माफी मागणार. मी 'नाही' असं घोकूनच आले होते. गाडीतही घोकत होते.

त्यांनी माफी मागितली नाही. खूप वेळाने एवढंच विचारलं, "तुमची बहीण कशी होती हो?"

खारे, इतक्या वर्षांत मला हे कुणी विचारलं नव्हतं. ज्यांनी तिला पाहिलं होतं ते तिचं नाव काढत नव्हते, आणि तुम्हाला ती होती हेच ठाऊक नव्हतं. मग विचारणार कोण? मला वाटलं, दोन वाक्यांत संपेल. मी म्हटलं, बारीक होती, बडबडी होती. आणि मग थांबताच येईना. तिला र म्हणता यायचा नाही, रागावली की "मी लागावले" म्हणायची आणि आम्ही हसलो की आणखी लागवायची. आपल्याला सोडून कुणी बाहेर जाऊ नये म्हणून सगळ्यांची एकेक चप्पल लपवायची. वडील संध्याकाळी छापखान्यातून आले की त्यांच्या बोटांची शाई स्वतःच्या गालाला लावून घ्यायची आणि आरशासमोर जाऊन बसायची. शेजारच्या कोंबडीला भ्यायची, पण कोंबडीला ते कळू नये म्हणून तिच्यासमोरून छाती काढून चालायची आणि कोपरा वळला की धूम ठोकायची.

यातलं काहीच मला आठवत नव्हतं. म्हणजे आठवत होतं, पण तोंडातून कधी गेलं नव्हतं. बाई ऐकत होत्या. डोळे पुसत नव्हत्या, मान डोलवत नव्हत्या, ऐकत होत्या. बोलता बोलता मी सरकून त्यांच्याजवळ कधी गेले, कळलं नाही. पिंजऱ्याकडेही बघून झालं.

माणूस दिवे लावायला आला तेव्हा मी दुसरंच काहीतरी सांगत होते. त्यांनी माझ्या हातावर हात ठेवून मला थांबवलं.

म्हणाल्या, "ते कोंबडीचं पुन्हा एकदा सांगा."

मी पुन्हा सांगितलं.

आत्या